जहाज भंगारात गेलं, माणसं आहेत: जुन्या शिपमेट्सच्या मेळाव्याला जायची तयारी

पलटणीच्या माणसाला परत जायला जागा असते. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान सत्तरी ओलांडून बेळगावला गेला तरी रेजिमेंटल सेंटर जागच्या जागी उभं असतं, युद्धस्मारक असतं, परेड ग्राउंड असतं. जहाजावर नोकरी केलेल्याचं तसं नाही. जुनं विक्रांत हे विमानवाहू जहाज ४ मार्च १९६१ ला नौदलात आलं, ३१ जानेवारी १९९७ ला डीकमिशन झालं, म्हणजे सेवेतून उतरलं, काही वर्षं मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून राहिलं आणि २०१४ मध्ये भंगारात निघालं. दुसरं विमानवाहू जहाज विराट २०१७ मध्ये उतरलं आणि २०२० मध्ये गुजरातेत अलंगला, जहाजं तोडतात तिथं, गेलं. माझगाव डॉकनं बांधलेल्या जुन्या निलगिरी वर्गाच्या सहा फ्रिगेट युद्धनौकांपैकी आज एकही सेवेत नाही. गोदावरी, गंगा, गोमतीचंही तेच. तेव्हा जहाजाच्या लोकांना एकत्र यायचं तर कुठला तरी हॉल, कुठली तरी मेस, कुठलं तरी रिसॉर्ट शोधावं लागतं.

त्यात आणखी एक मेख आहे. जहाजावरची नेमणूक साधारण दोन-तीन वर्षांची. म्हणजे जहाज एकच, पण तुम्ही ८८ ते ९१ मधले आणि शेजारच्या खुर्चीतला ९७ ते ९९ मधला. दोघांनी एकाच बंकवर झोप काढलेली असते, एकाच पंपाला शिव्या घातलेल्या असतात, पण एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नसतं. बॅचच्या मेळाव्यात सगळे ओळखीचे असतात. जहाजाच्या मेळाव्यात निम्मे अनोळखी. आणि जे ओळखीचे, तेही तीस वर्षांनी ओळखू येत नाहीत. माझ्या पाहण्यात जे मेळावे फसले ते जेवणामुळे किंवा हॉलमुळे फसले नाहीत. लोक आले, रोज फोनवर बोलणाऱ्या दोघा-तिघांच्याच टेबलावर बसले, जेवले आणि गेले. खालची तयारी मुख्यतः हे टाळण्यासाठी आहे. पहिल्यांदा जाणारा खलाशी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्यांनाही यातलं बरंचसं लागू आहे.

निमंत्रण आल्यावर

निमंत्रण हल्ली व्हॉट्सॲपवर येतं आणि दहा ग्रुपमधून फिरत येतं. मूळ कुणी पाठवलं ते शोधा आणि त्या माणसाला फोन करा. चार प्रश्न विचारा: कार्यक्रम नौदलाच्या तळाच्या आत आहे की बाहेर, बायको-मुलांना घेऊन यायचं की एकट्यानं, अधिकारी आणि खलाशी दोघांसाठी आहे का, आणि पैसे कुणाच्या खात्यावर जाणार. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचाराच. एकट्या माणसाच्या यूपीआयवर वर्गणी जमा होत असेल, तर निदान दुसरा कुणी तरी हिशेब बघतोय ना, एवढं समजून घ्यायला हरकत नाही. नीट चालवणारा आयोजक या प्रश्नानं दुखावत नाही. उलट तोच सांगतो की हिशेब ग्रुपवर टाकणार आहोत.

नोंदणीसाठी नाव, जहाजावरचा काळ, शाखा, मोबाइल, सोबत येणारी माणसं आणि गाडीचा नंबर इतकं पुरे. तळाच्या आत जायचं असेल तर ओळखपत्राचा नंबरही लागेल. पण फॉर्ममध्ये पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, बँक खातं किंवा निवृत्तिवेतनाच्या स्पर्श पोर्टलचा पासवर्ड मागितला, तर तो फॉर्म मेळाव्याचा नाही असं समजा आणि ओटीपी तर कुणालाच देऊ नका. निवृत्तिवेतन स्पर्शवर गेल्यापासून त्याच्या नावानं फोन करून म्हाताऱ्या माणसांना गंडवणारे बरेच झालेत. 'सर, मी तुमच्याच शिपवर होतो' असं म्हणून सुरुवात करणारा भामटा सगळ्यात वाईट, कारण आपण तिथंच विरघळतो. अशाला एक प्रश्न टाकावा: तुझ्या वेळी बफर कोण होता? बफर म्हणजे डेकवरची कामं करून घेणारा मुख्य खलाशी, जहाजावरचा माणूस त्याला विसरत नाही.

तारीख आणि ठिकाण

बहुतेक मेळावे जहाजाच्या कमिशनिंगच्या तारखेच्या आसपास ठेवतात. काहींना नौदल दिनाचा मोह होतो. ४ डिसेंबर हा १९७१ च्या कराची हल्ल्याचा दिवस, भावनेनं बरोबरच आहे. पण त्या आठवड्यात मुंबईतल्या सेवेतल्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते, तळावरचे हॉल अडकलेले असतात आणि तुमच्या पासाच्या अर्जाकडे कोण बघणार? जानेवारीचा मध्य बरा. १४ जानेवारी हा सशस्त्र दलांचा माजी सैनिक दिन असतो आणि हवाही चांगली असते.

इंजिन रूमच्या लोकांचा ओढा लोणावळ्याकडे असतो, कारण स्टोकर (बॉयलर-इंजिनवरचा खलाशी) असो की टिफी (तांत्रिक कारागीर), त्याच्या नोकरीची पाळंमुळं आयएनएस शिवाजी या अभियांत्रिकी प्रशिक्षणाच्या तळावर. हा तळ १९४५ पासून तिथं आहे. एक सावधगिरी: शिवाजीचा रस्ता भुशी धरणावरून जातो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर काय होतं ते मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगायला नको. जुलैत ठेवलेल्या मेळाव्याला जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी पोचा किंवा सकाळी सातच्या आत धरण ओलांडा. आयोजकांशी ओळख असेल तर सरळ सांगा, जुलै नको.

मुंबईतला कार्यक्रम असेल तर कोकणातून येणाऱ्यांना कोकणकन्या सोयीची, पहाटे सीएसएमटीला सोडते आणि तिथून नौदल गोदीचं लायन गेट जवळच. पण पहाटे उतरून दिवसभर उभं राहणं साठीनंतर झेपत नाही. एक रात्र आधी या. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, म्हणून तारीख कळली की कॅलेंडरवर दोन महिने आधीचा दिवस खुणेनं मांडून ठेवा. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या हिशेबानं तिकिटाचा अंदाज बांधू नका. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, हेही लक्षात असू द्या.

तळाबाहेरचा पर्याय मला जास्त आवडतो, विशेषतः जिथं एखादं जहाज अजून पाहायला मिळतं. कारवारच्या किनाऱ्यावर आयएनएस चपळ ही क्षेपणास्त्र नौका ठेवलेली आहे. सिंधुदुर्ग-गोव्याच्या लोकांना ती जवळ. दाबोळीला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, विक्रांत-विराटच्या हवाई विभागात काम केलेल्यांना तिथून हलवणं अवघड जातं. विशाखापट्टणमला कुरसुरा पाणबुडी आहे. आणि दीवला खुकरीचं स्मारक आहे, त्याबद्दल पुढे येईल.

यादी: खरं काम इथं आहे

मेळाव्याच्या निदान महिनाभर आधी एक वही घ्या. फोनमध्ये नको, वहीच घ्या. पहिल्या पानावर जहाजावरच्या तुमच्या तारखा लिहा. आठवत नसतील तर सर्व्हिस सर्टिफिकेट काढा, त्यात प्रत्येक नेमणुकीच्या तारखा असतात. मग मेस डेक, म्हणजे खलाशांची राहायची जागा, डोळ्यासमोर आणा आणि बंकांच्या क्रमानं नावं लिहीत जा. वर्णमालेनं लिहायला बसलात तर आठ नावांवर गाडी अडते. बंकांनी गेलात तर वरचा, मधला, खालचा, पुढची रांग, असं करत अख्खी मेस उभी राहते. बंक झाले की वॉच घ्या. मिडल वॉचला, म्हणजे मध्यरात्री ते चारच्या पाळीला, तुमच्याबरोबर खाली कोण असायचा? मग फुटबॉलची टीम घ्या, मग रजेला एकत्र गाडी पकडणारे घ्या.

खरं नाव आठवणार नाही. जहाजावर खरी नावं फारशी कुणी वापरतच नव्हतं. आडनावाचा तुकडा, राज्याचं नाव, शाखेचं नाव किंवा एखाद्या फजितीवरून पडलेलं नाव चालायचं. तेच लिहा. टोपणनाव, शाखा, गाव किंवा राज्य आणि एखादी खूण. 'पंजाबी, ईआरए, हार्मोनियम वाजवायचा' (ईआरए म्हणजे इंजिन रूमचा टिफी) एवढ्यावरही माणूस सापडतो, कारण दुसऱ्या कुणाला तरी त्याचं आडनाव आठवत असतं. एक सूचना: टोपणनाव वहीत ठेवा, पण बायको-मुलांसमोर हाक मारण्याआधी थोडा अंदाज घ्या. वीस वर्षांच्या पोराला चिकटलेलं नाव सासरा झालेल्या माणसाला सगळ्यांदेखत ऐकायला आवडेलच असं नाही.

फोटो काढा. तुमच्याकडे असतील ते पाच-दहा, पण मूळ प्रत नेऊ नका. गावातल्या स्टुडिओत स्कॅन करून मोठ्या आकाराचे प्रिंट काढा, पोस्टकार्डापेक्षा मोठेच, कारण बघणाऱ्यांचे चष्मे जाड झालेत. मागच्या बाजूला साल, बंदर आणि ओळखू येणाऱ्यांची नावं लिहा. जो ओळखू येत नाही त्याच्या डोक्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढा. हे प्रश्नचिन्ह फार कामाचं. टेबलावर फोटो ठेवला की अनोळखी माणसंही वाकून बघतात, 'अरे, हा तर अमुक' म्हणतात आणि तिथून बोलणं सुरू होतं. मी तर म्हणेन, ओळख करून घ्यायला यापेक्षा सोपं साधन नाही.

यादीत ज्यांचा पत्ता लागत नाही अशांची नावं वेगळी करा आणि आयोजकाकडे आधीच पाठवा. माणूस महाराष्ट्रातला असेल तर त्याच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करता येते. ते तुम्हाला त्याचा पत्ता देणार नाहीत आणि देऊही नये. पण तुमचा नंबर त्याच्यापर्यंत पोचवाल का, असं नीट विचारलं तर बरेचदा काम होतं.

कागद, गेट आणि फोन

तळाच्या आत कार्यक्रम असेल तर माजी सैनिक ओळखपत्र मूळ प्रतीत लागतं, फोटोकॉपी दाखवून वाद घालू नका. गेटवरचा पोरगा त्याची ड्यूटी करतो आणि आपणही कधी काळी ब्रोवर, जहाजावर चढायच्या फळीपाशी, उभं राहून हेच केलंय. बायकोचं डिपेंडंट कार्ड, सगळ्यांचं आधार, गाडीचे कागद बरोबर ठेवा. ड्रायव्हर घेऊन येणार असाल तर त्याचंही नाव आधी द्या, नाहीतर तो बाहेर आणि तुमचे गुडघे आत.

मुलगा किंवा सून परदेशी नागरिक झाली असेल तर आयोजकाला पहिल्याच फोनवर सांगा. परदेशी पासपोर्टवर तळात शिरायला आगाऊ परवानगी लागते, ती दोन दिवसांत होत नाही आणि ओसीआय कार्ड दाखवून गेटवर ती मिळतही नाही. अमेरिकेतून खास यासाठी आलेला मुलगा गाडीत बसून राहतो, असं होऊ देऊ नका.

२०१९ च्या अखेरीस नौदलानं तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोनना बंदी घातली. पाहुण्यांच्या बाबतीत प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असू शकते, पण फोन गेटवर जमा होणार असं धरूनच चला. म्हणून महत्त्वाचे नंबर त्या वहीत लिहा, मनगटी घड्याळ घाला आणि घरी सांगून ठेवा की दुपारपर्यंत फोन लागणार नाही. फोटो आयोजकांनी ठरवलेला छायाचित्रकार काढेल, तेवढ्यावर समाधान माना. बाहेर हॉलमध्ये असलात तरी एक पथ्य पाळा: कुणी मोबाइल समोर धरून जुन्या गस्तीच्या, यंत्रणांच्या, त्रुटींच्या गोष्टी विचारायला लागलं तर विषय बदला. गुपितांचा कायदा निवृत्तीनंतर सुटत नाही. मिडल वॉचच्या चहाच्या गोष्टी पुरेशा आहेत.

कपडे आणि पदकं

पुरुषांना नेव्ही ब्लू ब्लेझर, राखाडी किंवा पांढरी पँट, जहाजाचा क्रेस्ट असलेला टाय, इतकं छान दिसतं. ब्लेझर नसेल तर इस्त्रीचा पांढरा शर्ट पुरे. त्यापायी कुणी घरी बसू नये. कुठल्या तरी दुकानातून गणवेशासारखं काही शिवून आणू नका, ते बरं दिसत नाही.

पदकं डाव्या छातीवर, ठरलेल्या ज्येष्ठताक्रमात, आदल्या दिवशी पुसून. पदकाची पट्टी मळली असेल तर बदलून घ्या. दिवंगत खलाशाच्या पत्नीनं किंवा मुलानं त्याची पदकं लावली तर ती उजव्या बाजूला लावायची रीत आहे. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. मेळाव्यात अडवून चुकीची बाजू दाखवण्यापेक्षा आधी फोनवर सांगणं बरं.

बूट रबरी तळव्यांचे. चामड्याच्या तळव्याचे चकचकीत बूट घालून लोखंडी डेकवर चढलेला माणूस मला बघवत नाही.

तब्येत, म्हणजे कान आणि गुडघे

जहाज पाहायचा कार्यक्रम असेल तर शिड्या आल्याच. पंचविशीत आपण कठड्यावर हात टेकून सरकत खाली यायचो. आता तोंड शिडीकडे करून, दोन्ही हात धरून, एक पायरी एक पाऊल. हातात पिशवी नको. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर वरच्या डेकवरच थांबा, खाली जायचा हट्ट नको. खालून ओरडणाऱ्यांचं ऐकू नका. हॅचच्या कोमिंगला, म्हणजे डेकमधल्या दाराच्या उंच कडेला, डोकं आणि नडगी आपटणं हा मात्र वयाचा प्रश्न नाही, ते तेव्हाही व्हायचं.

औषधं मेळाव्याच्या दिवसांपेक्षा दोन दिवसांची जास्त घ्या. त्यांची नावं आणि मात्रा कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवा, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड त्याच खिशात. मुंबईत अश्विनी आहे, लोणावळ्याला कस्तुरी हे नौदलाचं रुग्णालय आहे, गोव्यात जीवंती. मधुमेह असलेल्यांनी खाण्याची वेळ भाषणांवर सोडू नये. भाषणं लांबतात, बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, उशिरा लागतो. पाकिटात चणे-शेंगदाणे ठेवा.

कानांबद्दल जरा सविस्तर सांगतो. जुन्या निलगिरी आणि गोदावरी वर्गाची जहाजं वाफेवर चालायची. बॉयलर रूम, इंजिन रूममध्ये उमेद घालवलेल्या किती जणांचे कान त्या आवाजानं गेले असतील सांगता येत नाही. असा माणूस हॉलमध्ये, पंखे-एसी-स्पीकरच्या गोंगाटात, हसून मान हलवत बसतो आणि एक शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुमचं तसं असेल तर श्रवणयंत्र लावूनच या. मिळालं नसेल तर ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये विचारा, त्याची तरतूद आहे. भिंतीकडे पाठ करून बसा, स्पीकरपासून दूर, आणि चांगल्या कानाच्या बाजूला बोलणाऱ्याला बसवा.

एका मेळाव्यात दोन निवृत्त स्टोकर हॉलच्या दोन टोकांना बसले होते. मध्ये डीजेचा धुमाकूळ. एकानं हात वर करून मनगट डावीकडे फिरवलं, व्हॉल्व्ह उघडतात तसं. समोरच्यानं लगेच तीन बोटं दाखवली, मग तळवा आडवा धरून सावकाश खाली आणला. पहिला हसून उठला आणि प्लेट घेऊन त्याच्याकडे गेला. बॉयलर रूममध्ये आवाजावर मात करायला हीच भाषा होती आणि इतक्या वर्षांनी दोघांच्याही हातात ती शाबूत होती. त्यांच्या बायका बघतच राहिल्या. दोघांचा काळ वेगळा होता, त्या दिवसापर्यंत त्यांची ओळख नव्हती.

त्या दिवशी

लवकर पोचा. नोंदणीच्या टेबलापाशीच अर्धा मेळावा होतो. छातीवर लावायच्या चिठ्ठीवर नाव मोठ्या अक्षरात, त्याखाली शाखा आणि जहाजावरची सालं. आयोजकांनी फक्त नाव छापलं असेल तर पेन काढून सालं लिहा. हुद्दा लिहू नका. '८८–९१, स्टोकर' एवढं वाचलं की समोरच्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं. नुसतं 'एमसीपीओ' (खलाशांतला वरचा हुद्दा) वाचून कळत नाही, कारण त्यानं तुम्हाला पाहिलं तेव्हा तुम्ही सीमन असाल.

'ओळखलंस का?' हा प्रश्न कुणालाही विचारू नका. समोरच्याला घाम फुटतो. आपणच नाव सांगावं, मेस सांगावी, आणि लगेच एखादा धागा द्यावा: मी अमुक, तुझ्या वरच्या बंकवर होतो, कोचीला बूट हरवले होते तो. तरी नाही आठवलं तर राग मानू नका. काहींना स्मृतिभ्रंश सुरू झालेला असतो. अशा मित्राशी बोलताना 'आठवतं का' टाळा. आपणच गोष्ट सांगत राहा, त्याला हवं तिथं तो शिरेल. बरोबर आलेल्या पत्नीकडे किंवा मुलाकडे आधी पाहा, त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं किती बोलायचं.

स्वतःच्या काळातल्यांना भेटून झालं की जेवणाला मुद्दाम दुसऱ्या काळातल्या टेबलावर बसा. विषय शोधावा लागत नाही. कुठला पंप कायम रुसायचा, कुठल्या कंपार्टमेंटमध्ये पाणी झिरपायचं, गॅलीतली डाळ कशी असायची, एवढं विचारा. जहाजाच्या शेवटच्या कमिशनमध्ये, म्हणजे सेवेच्या शेवटच्या काळात, असलेली पोरं असतील तर त्यांच्याकडून डीकमिशनिंगचा दिवस ऐका. झेंडा शेवटचा उतरताना आपण नव्हतो, ते होते.

जुन्या नावाचं नवं जहाज आलं असेल तर त्याच्यावरून एखादा अधिकारी किंवा खलाशी यावा म्हणून आयोजकांना बरेच महिने आधी लिहायला सांगा. नवं विक्रांत सप्टेंबर २०२२ पासून आहे, नवं निलगिरी जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतच कमिशन झालं. वीस वर्षांचा खलाशी समोर आला की सगळ्यांना त्याला उपदेश करायची हुक्की येते. त्यालाही बोलू द्या.

हुद्द्याचं काय करायचं

संमिश्र मेळाव्यात अधिकारी एका बाजूला, खलाशी दुसऱ्या बाजूला असं आपोआप होतं. पहिला अर्धा तास होऊ द्या. 'सर' म्हणायची सवय असेल तर म्हणा, त्यात कमीपणा नाही. अधिकाऱ्यानं 'आता सर नको' म्हटलं तरी जीभ वळत नसेल तर वळवू नका. पण अधिकाऱ्यांना एक विनंती आहे: वॉर्डरूमच्या (अधिकाऱ्यांच्या मेसच्या) गोष्टी वॉर्डरूमवाल्यांना सांगा आणि मेस डेकच्या टेबलावर बसलात की ऐका. खलाशांनाही एक सांगणं: ज्यानं कधी काळी तुम्हाला चार्जवर, म्हणजे शिस्तभंगाच्या आरोपाखाली, उभं केलं, तोही तिथं असू शकतो. त्याच्याशी हिशेब चुकता करायला हा दिवस नाही. त्याला टाळायचं असेल तर टाळा, तेवढा तुमचा हक्क आहे. उसने पैसे, बढतीतला अन्याय, कुणाच्या रिपोर्टनं काय झालं, हे विषय तिसऱ्या पेगनंतर निघतात. पेगवरून सांगतो: तळाबाहेरच्या हॉलमध्ये दारू द्यायची असेल तर आयोजकांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना काढलेला असावा. कॅन्टीनची रम दुसऱ्या राज्यात नेऊ नका. दीवला जाणाऱ्यांनी तर परतताना गुजरातची दारूबंदी आणि नाक्यावरची तपासणी लक्षात ठेवावी.

बायका आणि मुलं

नेव्ही नगरच्या क्वार्टरमध्ये महिनोन्महिने एकटीनं संसार चालवलेल्या बायकांना या दिवशी कोपऱ्यात बसवून ठेवणं बरोबर नाही. जहाज सेलिंगला गेलं की मुलाचा ताप, गॅसचा नंबर, शाळेची फी त्यांनीच बघितली आणि त्यासाठी एकमेकींवर विसंबल्या. त्यांच्या ओळखी आपल्यापेक्षा पक्क्या असतात. आयोजकांना सुचवा, त्यांनाही माइक द्या. यादी करताना बायकोला जवळ बसवा. तुम्हाला आठवत नसलेला शेजारी तिला मुलांच्या नावांसकट आठवतो.

मुलांना जबरदस्तीनं आणू नका. आलीच तर त्यांना काम द्या: फोटो स्कॅन करणं, नंबर टिपणं, वयस्कांना गाडीपर्यंत सोडणं.

जे नाहीत त्यांच्यासाठी

प्रत्येक मेळाव्यात गेलेल्यांची नावं वाचतात, मग दोन मिनिटं शांतता. नावं बरोबर उच्चारली जावीत म्हणून वाचणाऱ्यानं आधी एकदा मोठ्यानं वाचून पाहावीत. केरळ, आंध्र, बंगालची नावं आपल्या तोंडात वाकडी होतात आणि समोर त्या माणसाची बायको बसलेली असते.

खुकरीच्या लोकांचं सगळ्यात अवघड. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं खुकरी बुडवलं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. स्मारक दीवला समुद्राकडे तोंड करून आहे. तिथं जाणार असाल तर सकाळी लवकर जा, पर्यटकांची गर्दी व्हायच्या आत. वाचलेल्या कुणाला 'त्या रात्री काय झालं' असं विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील.

एखादी विधवा एकटीच आली असेल तर तिला आपल्या टेबलावर बोलवा. जेवणानंतर, घाई नसताना, एवढं विचारा: फॅमिली पेन्शन लागलं का, स्पर्शवर तुमचं नाव आणि खातं बरोबर आहे का, दर वर्षीचा हयातीचा दाखला कोण भरून देतं, ईसीएचएस कार्ड तुमच्या नावावर झालं का. नवऱ्याच्या कागदात तिचं नाव किंवा जन्मतारीख वेगळी लागलेली असणं ही कायमची रड आहे. ते आधार आणि पीपीओशी जुळवून घ्यायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक फेरी लागते, आणि तिच्याबरोबर जाणारा कुणी असेल तर ती फेरी बरीच सोपी होते. खलाशांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या खलाशी ब्युरोत असतात. तिथं लिहायचं तर खलाशाचा सर्व्हिस नंबर लागतो. तो तिच्या वहीत नीट लिहून द्या. मेळाव्याला आलेल्यांपैकी तिच्या जिल्ह्यातला कोण आहे ते शोधा आणि त्याच दिवशी त्या दोघांची गाठ घालून द्या. नंतर बघू म्हटलं की राहून जातं.

आपल्यापुरतंही एक काम आहे. बायकोला घेऊन बसा आणि हे सगळे कागद कुठल्या फाइलमध्ये आहेत ते तिला दाखवा.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात वहीतली प्रश्नचिन्हं पुसा. कुणाचं नाव मिळालं, कुणाचा नंबर, कोण गेलं, कधी गेलं. फोटोंच्या मागची नावं पुरी करा आणि स्कॅन आयोजकांकडे पाठवा. ग्रुपवर 'गुड मॉर्निंग'चे फुलांचे फोटो टाकणारे शंभर असतात, यादी पुरी करणारा एकही नसतो. एकट्या-दुकट्याला फोन करा, विशेषतः जो शांत बसून गेला त्याला. ग्रुपवर तो काही लिहिणार नाही, फोनवर अर्धा तास बोलेल.

पुढच्या वेळचं ठिकाण शक्यतो मेळाव्यातच ठरवून घ्या, नाहीतर ग्रुपवर कोची की विशाखापट्टणम यावर वर्षभर जुंपते. यादीची जबाबदारी सर्वांत ज्येष्ठाकडे देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, मान म्हणून. मान त्याला द्यावा, वही मात्र जहाजाच्या शेवटच्या कमिशनमधल्या एखाद्या चाळिशीतल्या माणसाकडे द्यावी. त्याचे गुडघे अजून चालतात, त्याला एक्सेल येतं, आणि त्याच्यानंतर त्या जहाजावर कुणी गेलेलं नाही.